तांदळाच्या डब्यात

पुण्याहून कुरियरनं आला तेव्हा
उन्हाळा होता.
पट्टा, रिमोट, बोटभर एरियल,
आणि घडीचा एक कागद, ज्यावर बारीक अक्षरांत
थंडीबद्दल काहीबाही होतं.
आम्ही हसलो.
वैशाखात, परभणी जिल्ह्यात,
कुणी थंडीची धमकी देतं का?

करडी तेव्हा सात महिन्यांची.
कारवानीच ती, पायांत नुसता वारा.
ससा उठला की तिला गाव, नाव, मुंजाजी नावाचा मालक
काही काही आठवायचं नाही
आणि वावराला लागूनच आडवा पडलेला
नवा चौपदरी रस्ता.
म्हणून पट्टा.
करंटच्या बटणावर मी पहिल्याच दिवशी
चिकटपट्टी मारली, दोन पदरी.
फक्त थरथर ठेवली.
मानेवर एक थरथर, म्हणजे वळ.
पोळ्यापर्यंत ती वळायला शिकली.

मग मार्गशीर्ष लागला.
पारा पाचावर. जवारीची पानं दवानं वाकलेली,
मोटारीचं हँडल हाताला चावायचं.
रिमोटवर रात्री तीन दांड्या,
पहाटे एक,
बांधापर्यंत जाईस्तोवर तीही नाही.
आई म्हणाली, "चुलीपशी ठिव की उलिसं."
ठेवलं.
काचेच्या आतून घाम फुटला त्याला
आणि दोन दिवस ते कुणाशीच बोललं नाही.

सेलूचा अफरोज मोबाइलवाला
स्क्रू काढता काढता म्हणाला,
"गारठलेल्या माणसाला फुफाट्यात बसवतो का कुणी?
आधी कपड्यात गुंडाळ, मग घरात आण,
तासाभरानं उघड.
गार असताना चार्जिंगला लावू नको.
आणि डब्यात तांदूळ घाल."

तेव्हापासून आमच्या घरी
एका यंत्राचं बाळंतपण चाललंय.
चार्जिंगच्या भोकावरचं रबर तडकू नये म्हणून
खोबरेल लावावं, तर बाटलीतलं खोबरेलच गोठलेलं;
मग आईच्या टाचांचं व्हॅसलीन.
पट्ट्याच्या दोन पितळी टोकांना
रोज कोरडं फडकं.
रिमोट बंडीच्या आतल्या खिशात, छातीशी.
रात्री सगळं आत्याच्या लग्नातल्या डब्यात,
झाकणावर नाव झिजून
फक्त 'चि. सौ. कां.' उरलेल्या.
झाकण घट्ट. उघडताना म्हणतं : टण्ण.
शेजारचा किशनदादा बघून गेला,
"लेका, कुत्र्याला भात टाकायलास का कुत्र्याचा पट्टा शिजवायलास?"

त्या दिवशी धुकं होतं.
बांधावरून ससा उठला
आणि करडी होती तिथं
नुसती हलणारी करडई राहिली.
मी बटण दाबलं.
दांड्या नव्हत्या.
पुन्हा दाबलं, अंगठा पांढरा होईपर्यंत.
रस्त्यावर ट्रकचा भोंगा,
पांढऱ्यातून पांढऱ्यात जाणारा.
हाक मारली तर तोंडातून
वाफ निघाली आधी, नाव मागून,
तेही अर्धंच.

डबा घाईत पिशवीत तसाच आला होता.
दुसरी बॅटरी तांदळात होती.
मी गुडघ्यांत धरून झाकण ओढलं
टण्ण
आणि तांदूळ चाचपडत राहिलो,
बोटांना बॅटरी कळेना, तांदूळ कळेना,

तर कोपराला ओलं नाक.

धापा टाकत उभी. डब्यात बघत.
रोज पहाटे हे झाकण वाजतं,
मग मानेला पट्टा, मग वावर, मग दिवस :
तिनं तिचं आधीच ठरवलेलं होतं.
थरथर मी शिकवली.
हे मी शिकवलं नव्हतं.

त्या पहाटे पट्टा तिच्या गळ्यातच होता,
बंद पडलेला, दवानं चिंब.
मी बंडीनं पुसला. मग तिचे कान.
दोघंही बराच वेळ
तांदूळ वेचत बसलो मातीतून;
म्हणजे मी वेचले,
तिनं काही खाल्ले.

आता डबा उशाला असतो.
मध्यरात्री कधीतरी ती चुलीच्या राखेतून उठते,
अंग झाडते,
आणि येऊन डब्याला पाठ लावून निजते.
पहाटे डब्याला हात लावला
तर एक बाजू गार,
एक बाजू कोमट,
राखेचे ठसे असलेली.
रिमोटवर तीन दांड्या.
अफरोजला सांगितलं,
तो म्हणाला, "तांदूळ चांगला दिसतोय."